भक्तीचं अडलेलं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे पुरवणीराव म्हणत, कारण कुणाचंही बोलणं संपलं की त्याला काहीतरी जोडल्याशिवाय हे गप्प बसत नसत. कामाची तऱ्हाही जगावेगळी. शब्दाचं कार्ड लिहून झालं की ते घरी न्यायचं आणि बायकोला वाचून दाखवायचं. तिचा पुस्तकांशी छत्तीसचा आकडा. भांडी घासता घासता ती "कळलं" म्हणाली, की मगच कार्डावर सही.

'भ'चा खंड शुक्रवारी छापायला जाणार होता आणि 'भक्ती'चं कार्ड तेवढं सहीवाचून अडलं होतं. दोन महिन्यांपूर्वी बायकोचं उजवं अंग लुळं पडलं, आणि बोलण्यातला एकच शब्द उरला. औषध दिलं, कळलं. खिडकी लावली, कळलं.

"बाबा, करून टाका ना सही," मुलगी म्हणाली. "आई काय सांगणार आता?"

"तिला विचारल्याशिवाय माझं एकही कार्ड गेलेलं नाही."

दुपारी ते पलंगाशी स्टूल ओढून बसले. "ऐक गं. मूळ धातू भज्. पहिला अर्थ वाटणं, वाटून घेणं. भाग, विभागणी, ही सगळी याचीच भावंडं. सेवा, पूजा हे अर्थ मागाहून आले. म्हणजे भक्त हा मुळात वाटेकरी. बरोबर?"

"कळलं," ती म्हणाली.

तिची नजर इतकी शांत होती की त्यांनी खिशातून पेन काढलंसुद्धा. पण स्वभावाला औषध नाही. "आणि भक्ती म्हणजे," त्यांनी जोडलं, "खुर्चीचा मोडका पाय."

"कळलं," ती तितक्याच मायेने म्हणाली.

तीस वर्षं मोरीतून आलेला सूर अगदी हाच होता. तिला कधी काही कळलं होतं, की नवरा एकदाचा जेवायला बसावा म्हणून ती म्हणून टाकायची? "तुला काय वाटतं?" असं त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. आता विचारून उपयोग नव्हता. त्यांना तिची नाही, स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बाबा, झाली का सही?" मुलीने बाहेरून विचारलं.

शुक्रवार काही थांबणार नव्हता. त्यांनी सही केली. ज्या कामात दोघांचा वाटा आहे असं ते जन्मभर समजत आले, ते त्यांनी एकट्यानेच केलं होतं. तिने ते फक्त सोसलं होतं.