बुडालेल्या गाडीतला माल

बुडालेल्या गाडीच्या चौकशीतून कॅप्टन लेम्युएल प्रुइट निर्दोष सुटला, तर त्याला तीन गोष्टी मिळायच्या होत्या: मेजरची बढती, सेंट लुईसला बदली आणि विटांचं घर. नाही सुटला तर फौजी ठाण्याच्या कोठारातली बावीस वर्षांची तूट पदरची भरायची. मी त्याचा कारकून. माझा फायदा म्हणजे त्याच्या मागोमाग सेंट लुईस.

मार्चमध्ये नदी ओलांडताना एक रसदगाडी बुडाली. सहा खेचरं आणि गाडीवान अमोस टटल तिच्याबरोबर गेले. फौजेतली रीत अशी की एक गाडी बुडाली, की कोठारातलं जे जे हरवलंय ते सगळं तिच्यात बसवायचं.

"घोंगड्या किती कमी आहेत?" कॅप्टननं विचारलं.

"एकशे चाळीस."

"चढव. खोगिरं?"

"चाळीस. आणि दोन लोखंडी शेगड्या. साहेब, एवढं ओझं सहा खेचरांना ओढवायचं नाही."

"बुडालेल्या खेचरांना कोण विचारायला जातंय? लिही."

आम्ही दोघंही हसलो. मी लिहिलं.

वरच्या कचेरीत मात्र कोणीतरी बेरीज केली. जूनमध्ये निकाल आला: गाडीवानानं भलतंच ओझं भरलं, सबब नुकसान त्याच्या निष्काळजीपणामुळे. त्याचा चार महिन्यांचा थकलेला पगार, एकशे चाळीस डॉलर, जप्त.

त्याची बायको हेस्टर तीन दिवस चालून आली.

"माझा अमोस खेचरांचे खांदे चाचपल्याशिवाय गाडी जुंपायचा नाही," ती म्हणाली. "तो एवढं भरेल? माल तुम्ही मोजून दिलात ना? मग सांगा, काय होतं गाडीत?"

"कागदावर आहे ते, बाई." कॅप्टननं खिशातून वीस डॉलर काढून टेबलावर ठेवले.

तिनं ते बोटानं मागं सरकवले. "हे राहू द्या. जास्त भरलं नव्हतं, एवढी एक ओळ लिहून द्या."

मी टाक बुडवून तयार ठेवला. कॅप्टन खिडकीबाहेर बघत राहिला. टाकावरची शाई वाळली. ती उठून गेली.

ऑगस्टात नदी आटली आणि गाडी वर आली. आम्ही दोघंच गेलो. आत पिठाची बारा पोती, बाहेरून दगड झालेली. दुसरं काहीच नव्हतं. एक पोतं फाटलं. आतलं पीठ कोरडं होतं, पांढरंशुभ्र.

"ढकल," कॅप्टन म्हणाला.

उरलेल्या खोल पाण्यात आम्ही गाडी पुन्हा बुडवली.

सेंट लुईसच्या घरासमोरून रसदगाड्या जात. मेजरसाहेब जेवता जेवता उठायचे, रस्त्यावर जाऊन गाडी थांबवायचे आणि आतली पोती मोजायचे. गाडीवान खाली बघून हसायचे.

"किती होती रे?" परत आल्यावर ते मला विचारायचे.

"बारा, साहेब."

"जड नव्हतं ना?"

"नाही, साहेब."

मग ते खुर्चीत बसायचे. ताटातलं गार झालेलं असायचं.

शेवटचा हिशेब असा. सरकारनं काही भरलं नाही. मेजरसाहेबांचे वीस डॉलरही परत आले. माझी थोडी शाई गेली. एकशे चाळीस घोंगड्या, चाळीस खोगिरं आणि दोन शेगड्या अमोस टटलनं आपल्या पगारातून भरल्या, कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या.