धामणदऱ्याची वीज संपली

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या डिसेंबरात, एका रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला धामणदऱ्याची वीज गेली. वीज जाण्यात गावाला नवल नव्हतं. पाथर्डी तालुक्यातल्या त्या डोंगरकडेच्या गावात ती पाहुण्यासारखी यायची आणि न सांगता जायची. पण या वेळी ती कायमची गेली, असं गावानं ठरवलं.

गावानं म्हणजे उत्तमरावांनी. गावानं फक्त मान डोलावली. उत्तमराव तीस वर्षं वायरमन होते. निवृत्त झाल्यापासून पारावर पेपर वाचून दाखवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. साल दोन हजार लागलं की जगातले सगळे कॉम्प्युटर बावचळणार, असं पेपरात रोज येत होतं. पुढचं उत्तमरावांनी स्वतःच लावलं. वीज कॉम्प्युटर सोडतो, कॉम्प्युटर गेला की वीज गेली, आणि ती मुळात कशी काढायची हे आता कुणाच्या ध्यानात राहिलेलं नाही.

"पन त्याला अजून बारा दिस हायती की," गिरणीवाला श्रीमंत म्हणाला.

"मरनारा मानूस तारखेची वाट बघतो का?" उत्तमराव म्हणाले.

दुपारी सरपंच आप्पासाहेबांच्या ओसरीवर बैठक बसली आणि 'वीजविरहित जीवन समिती' नेमली गेली. पहिला ठराव असा झाला, की तालुक्याच्या वीज कार्यालयात कुणी तक्रार करायची नाही. जिथं वीजच उरली नाही तिथं तक्रार घेणारा कुठून उरणार, आणि उरला असलाच तर त्या बिचाऱ्याला आणखी ताप कशाला. दुसरा ठराव, सगळ्यांनी विजेशिवाय जगायला शिकायचं. इथं मात्र समिती अडली. गावात लाईट येऊन तीस वर्षं होऊन गेली होती. दळायची जाती होती, पण ती उलटी पुरून न्हाणीपुढच्या पायऱ्या केलेल्या. कंदील माळ्यावर होते, त्यांत चिमण्यांची घरटी. शिकवणार कोण?

आतून आप्पासाहेबांची बायको छबूबाई म्हणाली, "वस्तीवर इचारा की. त्यांच्याकडं कुठं हुती लाईट?"

खरं होतं. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीवर विजेचे खांब आले तेच मुळी गावानंतर एक पिढी उलटल्यावर. आणि त्या वस्तीवर आक्काबाई राहत होती.

आक्काबाईनं बावीस हंगाम ऊस तोडला होता. फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वर्षातले सहा महिने काढायचे, पहाटे उठायचं आणि अंधार पडला की भाकरी थापायची, असं तिचं अर्धं आयुष्य गेलं. गुडघे गेल्यापासून ती घरीच असायची, मुलगा आणि सून संगमनेरकडं तोडीला जायची. घरात एक बल्ब होता. त्या बल्बासाठी तिनं अकरा अर्ज दिले होते, सगळे अंगठ्याचे. अर्ज देता देता मध्येच साक्षरतेचे वर्ग आले, तिला अक्षरं आली, आणि मग गेल्या उन्हाळ्यात बल्बही आला. तेव्हापासून तिला एक नाद लागला होता. दुकानातून आलेल्या पुडीचा कागद ती मांडीवर सरळ करायची आणि संध्याकाळी बल्बाखाली बसून वाचायची. बातमी बहुधा अर्धीच असायची. उरलेली अर्धी ती मनानं पुरी करून झोपायची.

त्या रविवारी शेंगदाण्याच्या पुडीवर बेलापूरच्या विहिरीत पडलेल्या बिबट्याची बातमी आली होती. लोकांनी खाट सोडली, बिबट्या खाटेवर बसला, इथवर तिनं दिवसाउजेडी वाचलं. पुढचं बारीक होतं. रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात तिला ते दिसेना, म्हणून तिनं कागद घडी घालून डब्यात टाकला.

सोमवारी सकाळी समिती तिच्या दारात उभी राहिली. आप्पासाहेब, उत्तमराव, श्रीमंत आणि मागं आणखी पाच-सहा जण. आप्पासाहेब या दारात फक्त मतं मागायला आले होते, तेही बाहेरूनच. आज ते आत आले आणि खाटेवर बसले.

"आक्काबाई," ते म्हणाले. आजवर ते तिला आक्के म्हणत आलेले. "तुमी मार्गदर्शन करायचं. अंधारात ऱ्हायचं कसं?"

आक्काबाईला वाटलं, थट्टा चाललीय. तिनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. कुणी हसत नव्हतं. श्रीमंतानं तर वही-पेन आणलं होतं.

"त्यात काय शिकायचं? अंधार पडला की निजायचं."

श्रीमंतानं ते लिहून घेतलं. "आन झोप न्हाई आली तर?"

"मंग दिवसा काम केलं न्हाई आसं समजायचं."

तेही त्यानं लिहिलं. आक्काबाईनं चहा ठेवला आणि कप पुढं केले. पिताहेत की नाही ते ती चुलीपाशी बसून बघत राहिली. आप्पासाहेबांनी कप उचलला, क्षणभर धरला, आणि जग बुडाल्यावर आता काय पाहायचं, अशा चेहऱ्यानं पिऊन टाकला. मग बाकीच्यांनीही प्याला.

शाळेत वर्ग सुरू झाला, सकाळी दहा ते बारा. मुलांना ओट्यावर बसवून त्यांच्या बाकांवर गावातली कारभारी माणसं बसली. आक्काबाईला मास्तरांची खुर्ची दिली. पहिल्या दिवशी औषधाच्या बाटलीची चिमणी करायला शिकवली. झाकणाला भोक, भोकात चिंधीची वात. आप्पासाहेबांनी तीन बाटल्या फोडल्या. दुसऱ्या दिवशी चूल, तिसऱ्या दिवशी राखेनं भांडी घासणं. चौथ्या दिवशी उत्तमरावांनी प्रात्यक्षिकाचा आग्रह धरला, तेव्हा भर अकरा वाजता खिडक्यांना पोती ठोकून खोलीत अंधार केला गेला. चौदा जणांना आत सोडलं. प्रत्येकानं आपापल्या चपला हुडकून घालायच्या आणि बाहेर यायचं, एवढीच परीक्षा. आत बरीच आदळआपट झाली. आप्पासाहेब शेवटी बाहेर आले ते दोन्ही डाव्या पायाच्या घालून, आणि त्यांतली एकही त्यांची नव्हती.

"नापास," आक्काबाई म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती हा शब्द दुसऱ्या कुणाबद्दल बोलत होती.

आप्पासाहेब खाली मान घालून पुन्हा आत गेले.

बायकांचा वर्ग आप्पासाहेबांच्याच अंगणात भरायचा. श्रीमंतची गिरणी बंद पडलेली, त्यामुळं पायऱ्या उखडून जाती बाहेर काढली होती. छबूबाईनं खुंटा धरला, चार वेढे दिले आणि हात सोडले. "फिरतच न्हाई वो."

"गानं म्हना. मुक्यानं जातं चालत न्हाई."

"मला येत न्हाईत जात्यावरची. आमच्या सासूबाईंबरोबर गेली समदी."

"मंग माझी म्हना." आक्काबाईपाशी आईकडून आलेल्या ओव्या होत्या, त्याच तिनं सांगितल्या. छबूबाई तिच्यामागून म्हणू लागली आणि जातं खरंच फिरायला लागलं.

दळन दळिते बाई, पीठ पडतं पांढरं,
भीमाच्या लेखनीनं उजळली सारी घरं.

आठवडाभरात सरपंचांच्या घरातून रोज सकाळी भीमरायाच्या ओव्या ऐकू येऊ लागल्या. आप्पासाहेबांनी एकदा दबकत विचारलं, दुसरं काही म्हणता येणार नाही का. छबूबाई म्हणाली, "भाकरी खायची हाय ना? मंग चालू द्या." भाकरी खायची होती, त्यामुळं चालू राहिलं.

नळाची मोटर बंद, म्हणून सगळं गाव वस्तीवरच्या हापशावर येऊ लागलं. रांगेत आधी वस्तीच्या घागरी लागत, मागं गावाच्या. कुणी कुरकुरलं नाही. समितीनंच तसा ठराव केला होता.

एका सांजेला आक्काबाई सरपण आणायला टेकडीवर गेली. वर पोचली तेव्हा दिवस मावळत होता आणि पलीकडच्या चितळवाडीत एकामागून एक दिवे लागत होते. पांढरे ट्यूबलाईट, देवळावर एक तांबडा बल्ब. ती मोळी टेकवून थोडा वेळ बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात सांगितलं. सगळ्यांनी उत्तमरावांकडं पाहिलं.

"ती शिल्लक हाय," उत्तमराव सावकाश म्हणाले. "नळ बंद केला तरी पाइपात पानी उरतं का न्हाई? तसं तारंत करंट उरतं. चितळवाडी उताराला हाय. समद्या तालुक्याचं निथळून तिकडं जमा झालंय. संपंल हळूहळू."

लोकांना चितळवाडीची कीव आली. त्या बिचाऱ्यांनी काहीच तयारी केलेली नव्हती.

नवं साल लागलं. रेडिओनं सांगितलं की जगात कुठंही काही झालं नाही. उत्तमराव म्हणाले, रेडिओ सेलवर चालतो, त्याला विजेचं काय कळणार. पाथर्डीचा बाजार करून आलेला एक जण म्हणाला, तिथं बर्फाचा गोळा मिळतो. समितीनं त्याला अफवा पसरवल्याबद्दल ताकीद दिली आणि चपलांच्या परीक्षेला पुन्हा बसवलं.

आक्काबाई गप्प राहिली. आपण का गप्प आहोत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दारावरून जाताना माणसं थांबून विचारत होती, "बाई, उद्या काय शिकवनार?" शाळेतली ती खुर्ची जुनी होती, एका पायानं हलत होती, पण तिच्यावर बसलं की खोलीतले सगळे खाली दिसत. बावीस हंगाम ज्या हलाखीत काढले, तिलाच आता लोक विद्या म्हणत होते. ते ऐकायला गोड लागायचं आणि थोडं मनाला लागायचंही. आणि दिवसा वर्गामुळं सवड नव्हती, रात्री उजेड नव्हता, त्यामुळं डब्यातले कागद वाढत चालले होते. जानेवारी अर्धा सरला तेव्हा तिनं मोजले. एकोणीस होते. अठरा माणसांचं आणि एका बिबट्याचं पुढं काय झालं, ते तिला कळलेलं नव्हतं.

चोवीस तारखेला, सोमवारी, वर्गाला सुट्टी देऊन ती एसटीनं तालुक्याला गेली. वीज कार्यालयात पंखा फिरत होता. त्याखाली बसलेल्या कारकुनानं धामणदऱ्याचं नाव ऐकलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"या, या. तुमच्या गावाचं आम्ही साहेबांना कळवलंय. पाच आठवडे एकही तक्रार नाही. आख्ख्या तालुक्यात असं गाव नाही. तक्रारमुक्त गाव म्हणून नाव पुढं पाठवणार आहोत."

"लाईट न्हाई ना आमच्याकडं. पाच आठवडे झालं."

कारकुनानं रजिस्टर उघडून पाहिलं. "तशी नोंद नाही."

"नोंद न्हाई, पन अंधार हाय."

"अंधाराची तक्रार आली असती तर नोंद असती." तो अडचणीत पडल्यासारखा दिसला. "तुम्ही अर्ज दिला तर ते बक्षिसाचं राहील बघा. विचार करा."

आक्काबाईनं विचार केला. मग कागद मागितला. कारकुनानं सवयीनं शाईचा पॅड पुढं सरकवला. तिनं तो बाजूला केला आणि बाकावर बसून अर्धा तास अर्ज लिहिला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पुष्कळ होत्या, पण प्रत्येक ओळ तिची होती. खाली नाव लिहिलं आणि नावाखाली रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण वायरमन सायकलवर आला. लांब काठीनं डीपीवरचा उडालेला फ्यूज त्यानं काढला, नवा बसवला आणि चहासुद्धा न पिता गेला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. गावात ठिकठिकाणी अर्धवट राहिलेले पंखे फिरू लागले आणि आप्पासाहेबांचा टीव्ही एकदम मोठ्यानं बोलायला लागला. ते दचकून ओसरीवर आले.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा झेंड्यानंतर लगेच भरली. विषय एकच होता, आलेली वीज ठेवून घ्यायची की नाही.

"ही वीज तीच हाय कशावरनं?" उत्तमरावांनी विचारलं.

छबूबाई बायकांतून उठली. "मिक्सर लावून बघितला मी. तीच हाय."

आप्पासाहेब घसा खाकरून म्हणाले, "पन तक्रार कुनी केली? समितीचा ठराव हुता."

"मी केली," आक्काबाई म्हणाली.

"समितीला न इचारता?"

"मीटर समितीच्या नावावर न्हाई, आप्पासाहेब. माझ्या नावावर हाय."

मग आप्पासाहेबांनी वीज तात्पुरती ठेवून घ्यायचा ठराव मांडला आणि तो हात वर करून मंजूर झाला. वर्ग चालू ठेवा, अशी विनंती आक्काबाईला करण्यात आली. तिनं नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी तिला वाचायचं होतं.

हापशावरची गर्दी चार दिवसांत ओसरली. आप्पासाहेबांनी वस्तीवरचा कप काही पुन्हा उचलला नाही. छबूबाई मात्र पुढंही आक्काबाईकडं येत राहिली. पीठ गिरणीतूनच आणायची, पण ओव्या अर्ध्याच पाठ झाल्यात म्हणायची, आणि दोघी उंबऱ्यात बसून गवऱ्या मोडता मोडता बाकीच्या म्हणायच्या.

फेब्रुवारीच्या अखेरीला एका सकाळी उत्तमराव आले, एकटेच. बराच वेळ ते ज्वारीच्या भावाबद्दल बोलले. मग सांगितलं की त्यांच्या घरात अजून अंधार आहे. नव्या सालाच्या दिवशी त्यांनी खांबावर चढून आपल्या घराची तार स्वतःच्या हातानं तोडली होती आणि मीटर फोडून आतल्या चकत्या सुनेला पापड लाटायला दिल्या होत्या. आता नवं कनेक्शन हवं. तीस वर्षं ज्या ऑफिसात काढली तिथं आपल्या हातानं अर्ज लिहायचा त्यांना धीर होत नव्हता.

"माझं अक्षर वळखत्यात तिथं," ते म्हणाले. "तुमी लिवा."

आक्काबाईनं छापील फॉर्म घेतला आणि जमिनीवर पाट ठेवून त्यावर लिहायला बसली. नाव, गाव, पत्ता. मग एका रकान्यावर ती थांबली.

"पूर्वीचं कनेक्शन तोडल्याचं कारण इचारलंय. काय लिवू?"

उत्तमरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. खोटं बोलायचा माणूस नव्हता तो.

"लिवा, जग बुडालं हुतं."

तिनं तसंच लिहिलं, सावकाश, एकही अक्षर न खोडता. कार्यालयात तो रकाना कुणी वाचला नाही. पाडव्याच्या आधी उत्तमरावांकडं नवं मीटर बसलं.