अप्पांच्या गालांखाली कोण होतं

"अप्पा, तुम्ही नक्की माझेच अप्पा आहात ना?"

हे विचारायची पैज माझ्या वर्गातल्या जेनिफर आणि अमुदाने लावली होती. विचारलं तर त्या दोघी मला परोटा आणि साल्ना, म्हणजे झणझणीत रस्सा, खायला घालणार, नाही विचारलं तर मी त्यांना. यंदा मी शाळेच्या थ्रोबॉल टीमची कॅप्टन आहे, आणि कॅप्टन पैजेतून माघार घेत नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी सकाळी, अप्पा लोण्यात परतलेली चार अंडी खात बसले असताना, मी दप्तर पाठीला लावता लावता विचारून मोकळी झाले.

अम्मा हसली. मीही हसायच्या बेतात होते, पण अप्पा हसले नाहीत. त्यांनी हातातला घास खाली ठेवला, स्टीलच्या ताटात स्वतःचं तोंड दिसतंय का ते पाहिलं आणि हळूच म्हणाले, "तुला कधीपासून वाटायला लागलं, कण्णू?"

तेवढ्यात मागे खणकन आवाज झाला. पेरियम्माच्या हातातला कॉफीचा पेला फरशीवर पडला होता.

पेरियम्मा म्हणजे माझ्या थोरल्या काकांची, पेरियप्पांची, बायको. पेरियप्पा सहा वर्षांपूर्वी हृदय बंद पडून गेले, बेचाळिसाव्या वर्षी. तेव्हापासून त्या आमच्याबरोबरच राहतात. पेरियप्पा काटकुळे होते आणि अप्पा गोलमटोल. त्यामुळे आमच्या घरात एक गोष्ट वेदवाक्यासारखी धरली जायची: बारीक होता तो गेला, जाडा होता तो राहिला. अम्मा याच हिशोबाने अप्पांच्या पानात भाताचे डोंगर रचायची.

गेल्या दिवाळीत अप्पांचं वजन एकशे पंधरा किलो भरलं, साखर दोनशे ऐंशी निघाली आणि डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून नीट घाबरवलं. मग अप्पा फोनवरच्या एका ग्रुपमध्ये शिरले. तिथे हजारो माणसं भात, इडली, डोसा, साखर, सगळं सोडून एकमेकांना अंड्यांचे आणि पनीरचे फोटो पाठवत असतात. डॉक्टर म्हणाले, करा, पण दर महिन्याला मला रक्त दाखवा. आम्ही नामक्कलचे, आमच्या दोन मोठ्या शेड कोंबड्यांच्या, म्हणजे अंड्यांना काही तोटा नाही. न्याहारीला मूठमूठ बदाम, दुपारी मटण आणि पडवळ, रात्री पनीर. अम्मा येईल-जाईल त्याला सांगायची, "आमच्या कोंबड्यांना मका मिळतो हो. माझ्या नवऱ्याला तेवढा नाही!"

पण साखर उतरली, डॉक्टरांनी गोळ्या निम्म्या केल्या आणि वजन एखाद्या घसरगुंडीवरून आल्यासारखं खाली आलं. मला तर अप्पांचा एवढा अभिमान वाटायचा की मी वर्गात त्यांचे जुने-नवे फोटो दाखवत हिंडायचे.

मग चेहरा बदलायला लागला. आधी गालांची हाडं वर आली. मग नाक दिसलं, जरासं डावीकडे कललेलं, ते इतकी वर्षं मांसात बुडून होतं. शेवटी हनुवटीत एक खळगा निघाला. तो अप्पांना आहे हे अम्मालासुद्धा ठाऊक नव्हतं. पेरियम्माला मात्र तो खळगा चांगला ओळखीचा होता. दिवाणखान्यातल्या पेरियप्पांच्या फोटोत, चंदनाच्या हाराखाली, तस्साच्या तस्सा आहे.

माझ्यावर विश्वास ठेवा, मी काही घाबरट मुलगी नाही. पण मणीचं काय सांगू? मणी हा पेरियप्पांचा म्हातारा कुत्रा. मालक गेल्यापासून तो शेडच्या दाराशी पडून असायचा, अप्पांकडे ढुंकून बघायचा नाही. जून महिन्यात तो एके सकाळी उठला, अप्पांच्या पायाशी येऊन बसला, आणि तेव्हापासून त्यांची पाठ सोडत नाही. आणि शीळ. पेरियप्पांच्या लॉऱ्या होत्या; लॉरीचं दार लावताना ते दातांतून एक बारीक शीळ घालायचे. अप्पांना कधी शीळ जमली नव्हती. आता शेडला कुलूप लावताना ते तीच शीळ घालतात. मी एकदा म्हटलं, "अप्पा, छान जमतं की!" तर म्हणाले, "काय जमतं?"

आणि शाळेतल्या पालकसभेला अमुदाची आई आली होती. ती पूर्वी आमच्याच गल्लीत राहायची. तिने फाटकातून अप्पांना येताना पाहिलं आणि अमुदाचा हात धरून सरळ मागच्या फाटकाने निघून गेली. पैज लागली ती त्यानंतर.

पैज जिंकले, परोटाही खाल्ला. पण त्या दिवसापासून पेरियम्मा अप्पांशी बोलायच्या थांबल्या. एरवी "तंबी, हे घे, तंबी, ते घे" असं धाकट्या भावासारखं चालायचं. आता त्या कॉफी त्यांच्यासमोर ठेवायच्या आणि मान खाली घालून निघून जायच्या.

मग आली फ्लेक्सची भानगड. ग्रुपवाले सेलमच्या एका मंगल कार्यालयात अप्पांचा सत्कार करणार होते: पंचेचाळीस किलो उतरवले म्हणून. त्यासाठी अप्पांनी पिवळा शर्ट घालून मुद्दाम फोटो काढला. त्याच आठवड्यात लॉरीमालक संघाने दरवर्षीप्रमाणे पेरियप्पांच्या स्मृतिदिनाचा फ्लेक्स छापायला टाकला. दोन्ही कामं बसस्टँडमागच्या एकाच दुकानात.

मंगळवारी साडेचारला मी सायकलवरून घरी येत होते. चौकात नवीन फ्लेक्स लागला होता. "सहावा स्मृतिदिन. आमच्यातून गेलास, मनातून नाही." मधोमध मोठ्ठा फोटो. पिवळा शर्ट.

आणि फ्लेक्सच्या खाली अप्पा उभे होते, तोच पिवळा शर्ट घालून, मान वर करून स्वतःकडे बघत. मणी पायाशी. येणारे-जाणारे वर बघायचे, खाली बघायचे आणि पावलं उचलून पुढे जायचे. शेजारच्या फुलवालीने दोन वीत मोगरा तोडून अप्पांच्या हातात दिला.

"कोण लागत होते तुमचे?" तिने विचारलं.

"भाऊ," अप्पा म्हणाले.

मी सायकल टाकूनच दिली. "अप्पा! हे काय उभे राहिलात? दुकानदाराला झापा ना! उतरवायला सांगा!"

"केला फोन. माझा आवाज ऐकून त्याने आधी फोनच ठेवून दिला." त्यांनी मोगरा हातातल्या हातात फिरवला. "त्याची चूक नाही, कण्णू. मी दुकानात जाऊन आलो. त्याने दोन्ही फोटो माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाला, अण्णा, यातले तुम्ही कुठले ते सांगा. मी चुकीच्या फोटोवर बोट ठेवलं."

मी त्यांच्या हातातला मोगरा घेतला आणि त्यांना घराकडे वळवलं.

त्या संध्याकाळी अप्पा अम्माला म्हणाले, "स्मृतिदिनाला भात रांधशील तेव्हा माझाही लाव. त्या दिवसापासून रोज."

वर्षभर भातावरून टोमणे मारणारी अम्मा हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. मीच म्हटलं, "आणि साखर? दोनशे ऐंशी होती ती?"

"साखरेचं बघू नंतर. आधी मला माझे गाल परत पाहिजेत."

शुक्रवारी स्मृतिदिन. त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर केळीचं पान मांडतात, त्याच्या आवडीचं सगळं वाढतात, आणि त्याचं झालं की मग घरचे जेवतात. पेरियम्मा पहाटेपासून चुलीशी होत्या. दुपारी एकला त्या पान घेऊन बाहेर आल्या. गरम भात, तुपाची धार, सुरणाची भाजी, पापडासारखं अप्पळम, गुळाचं पायसम. अप्पा भिंतीशी बसले होते, फोटोपासून चार हातांवर. पेरियम्मा फोटोसमोर आल्या, क्षणभर थांबल्या, वळल्या, आणि ते पान त्यांनी अप्पांच्या पुढ्यात ठेवलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "बसा. गार होतंय."

अहो! सहा वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता. अम्माने दाराची चौकट धरली. मला वाटलं, आता अप्पा म्हणतील, अण्णी, मी आहे, तुमचा दीर, नल्लसामी. पण त्यांनी पानावर पाणी शिंपडलं, अगदी सवयीने शिंपडावं तसं, आणि भातात बोटं घातली.

मी जाऊन त्यांचं मनगट धरलं. थ्रोबॉलचा हात आहे माझा, सुटत नाही. मनगट बर्फासारखं गार होतं आणि घामाने निसरडं.

"अप्पा, तुम्हाला घाम का आलाय?"

"गरम भात आहे."

"अजून खाल्ला कुठे? माझ्याकडे बघा. काही होतंय का?"

ते फोटोकडे बघत राहिले. "काही नाही गं. शेडचा जिना चढलो की इथे जरा दाबल्यासारखं होतं. थांबलो की जातं. मगाशी पिलांच्या उबेसाठी कोळशाचं पोतं वर नेलं होतं."

"कधीपासून?"

"जूनपासून."

पेरियम्मा त्यांच्यासमोर येऊन बसल्या. पेला पडल्यापासून पहिल्यांदा त्यांनी अप्पांच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं, आणि त्यांचा आवाज पुन्हा त्यांचा झाला. "तंबी, तुझे भाऊसुद्धा हेच म्हणायचे. जिना चढलो की, थांबलो की. मी म्हणायचे, वाळलात, म्हणून होतं, भात खा चांगला. त्यांनी खाल्ला. शेवटच्या दिवशीसुद्धा खाल्ला."

बाहेर मणीच्या धापा ऐकू येत होत्या.

मला एकदम डॉक्टरांची चिठ्ठी आठवली. एप्रिलमध्ये त्यांनी लिहून दिलं होतं: सख्खा भाऊ लहान वयात गेलाय, तेव्हा वजन कितीही उतरलं तरी फिरत्या पट्ट्यावर चालून हृदयाची तपासणी करून घ्या. ती चिठ्ठी अप्पांच्या कपाटात, पिवळ्या शर्टाच्या खाली. मीच पाहिली होती. मीच समजले होते की झाली असेल.

"तपासणी केलीत?"

"अगं, साखर आली होती ताळ्यावर. सगळे शाबासकी देत होते. मग कशाला उगाच..." ते थांबले. भाताची बोटं पानावर तशीच. "खरं सांगू? भीती वाटली. भावाच्या त्या चेहऱ्याने तिथे जायची."

सहा वर्षं आम्ही सगळे त्यांचे गाल बघत होतो. आधी मोठे म्हणून खूश, मग गेले म्हणून घाबरलेले. गालांच्या खाली काय आहे ते कुणीच पाहिलं नव्हतं. भाऊ भावासारखा दिसायचाच. आतूनही तसाच असला तर?

मी पान बाजूला सरकवलं. अम्मा म्हणाली, "कयल, स्मृतिदिनाचं पान आहे ते, असं ओढू नये!"

"अम्मा, ते पान पेरियप्पांचं आहे. फोटोसमोर ठेव." माझा आवाज मैदानावर निघतो तसा निघाला. "आणि अप्पा, तुम्ही आता उठून एकही पायरी चढायची नाही. मी शेजारच्या कार्तिकेयन अण्णांना गाडी काढायला सांगतेय. आपण आत्ता, जेवायच्या आधी, सेलमच्या हृदयाच्या दवाखान्यात जातोय. चिठ्ठी मी कपाटातून घेतेय. भात परत सुरू करायचा की नाही, ते डॉक्टर सांगतील, फ्लेक्सवाला नाही. आणि पेरियम्मासुद्धा आपल्याबरोबर येतील. कारण यानंतर काय काय होतं, ते या घरात फक्त त्यांनीच पाहिलंय."