माफीवालीचं मत

माधवीच्या पोटात दुखायला एकच कारण होतं, ललिता. दोन वर्षं विद्यापीठाच्या भिवंडी केंद्राच्या कबड्डी संघात चढाई माधवीच करायची. तिचे वडील नागसेन दवाखान्यात कंपाउंडर. पगार फीमाफीच्या मर्यादेपेक्षा जरासाच वर, म्हणून माधवीला सगळी फी भरावी लागे. ती भरायला तिनं काल्हेरच्या गोदामात संध्याकाळची शिफ्ट धरली आणि सराव सुटला. तिच्या जागी आली डोंगरपाड्यावरची ललिता. बाईसाहेबांना फी माफ, कोच फुकट, वर येताजाता कौतुक! माधवीला तिचं हसणंसुद्धा सहन होईना.

अशात सरकारनं विद्यार्थी सेवा शुल्काची मर्यादा सहाशेवरून हजारावर नेली. वाढ करायची की नाही, हे केंद्राच्या पाच विद्यार्थी प्रतिनिधींनी ठरवायचं होतं. माधवी त्यांतलीच एक. केंद्रप्रमुख केसरीनाथ सरांनी बैठकीत सरळच सांगितलं, "कोचचा पगार याच शुल्कातून जातो. वाढ झाली नाही तर कबड्डीचा कोच पुढच्या महिन्यापासून बंद."

माधवीला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ती ताडकन उठली. "सर, इथे निम्मी पोरं शिफ्ट करून शिकतात. चारशे रुपये कुठून आणायचे त्यांनी?" शब्द गरिबांचे होते, पण डोळ्यांपुढे फक्त ललिताचं उतरलेलं तोंड होतं. आपण किती हलकट झालोय हे तिला कळत होतं, तरी मजा येत होती.

मतं हात वर करून. कुणाल आणि सुमित वाढीच्या बाजूनं, माधवी आणि देवेश विरोधात. उरली खेळाची प्रतिनिधी ललिता. निकाल लागल्यातच जमा होता. स्वतःचा कोच कोण घालवेल?

"विरोधात कोण?" सरांनी पुन्हा विचारलं.

ललितानं हात वर केला. वाढीचा प्रस्ताव पडला.

बाहेर आल्या आल्या माधवीनं तिला गाठलं. "डोकं फिरलं का तुझं? कोच गेला ना तुझा!"

"गेला तं गेला," ललिता म्हणाली. "माजी फी माफ हाय. भरनार तुमी, आन् मजा मी करनार, ह्यो न्याव न्हाय. तुला गोदामात आजून जास्ती राबावं लागंल. मंग तू संघात परत कवा येशील? तुज्यासारकी चढाई मला न्हाय येत गं."

जागा गेली, कौतुक गेलं, हे माधवीनं कसंबसं गिळलं होतं. पण आज ती स्वतः सूड उगवायला आली होती आणि ही पोर तिच्यासाठी कोचवर पाणी सोडून मोकळी झाली. निदान मनाचा मोठेपणा तरी आपल्याकडे राहायला हवा होता, तोही हिनंच नेला.

"थँक्यू," माधवी म्हणाली. आणि तिला ललिताचा पूर्वी कधी आला नव्हता इतका राग आला.