समईमागची झाकणं

हिंदुरावाने पट्टा सरकवला आणि कटर पुरता थांबायच्या आतच झाकणावरून अंगठ्याचं नख ओढलं. नख जागोजाग अडखळलं.

"काय म्हणतंय झाकण?" पलीकडच्या लेथवरून लक्ष्मणरावांनी विचारलं.

"म्हणतंय कसलं! शेत नांगरल्यासारखं झालंय नुसतं."

कासारवाडीच्या देवळामागची ही पत्र्याची शेड. वीज अजून रेल्वेलाइनच्या अलीकडे आली नव्हती. मशीनं फिरायची ती ऑइल इंजिनाच्या पट्ट्यावर. दोघांचेही हात बिडावर, म्हणजे ओतीव लोखंडावर, बसलेले. बीड कोरडं कापायचं, भुगा झटकायचा, झालं. ॲल्युमिनियमची ही झाकणं मात्र वजनाला फुलासारखी आणि वागायला गुळाच्या पाकासारखी. धातू कटरच्या दातालाच चिकटून बसायचा आणि मग तो चिकटलेला गोळाच पुढचा भाग ओरबाडत जायचा. साबणपाणी लावून झालं, खोबरेल लावून झालं. उद्या सकाळच्या गाडीने मुंबईचा साहेब झाकणं बघायला येणार होता.

निदान दात तरी साफ करावा म्हणून हिंदुरावाने कोपऱ्यातल्या डब्यातल्या रॉकेलात चिंधी बुडवली, दात पुसला आणि तसाच ओला कटर पुन्हा चालू केला.

आवाजच बदलला. मघाशी करवादणारा कटर एकदम जरीचं पातळ फाडल्यासारखा सरसरत गेला. चार बोटं रुंदीचा भाग लख्ख निघाला. ओल सुकली तिथून पुन्हा ओरखडे.

लक्ष्मणराव लेथ सोडून आले. झाकणावर वाकून म्हणाले, "हिंदुराव, तुमची मिशी दिसतीय की! पांढरे केससुद्धा."

हिंदुराव हसला, पण त्याची नजर डब्याकडे गेली. ते रॉकेल देवळाचं होतं. आज दिवेलागणीला इंदुताईंचं कीर्तन, आणि गॅसबत्तीची जबाबदारी त्याने आपणहून अंगावर घेतलेली. वाण्याचं पिंप कोरडं पडलेलं म्हणून सकाळच्या गाडीने पुण्याला जाऊन त्याने तो डबा आणला होता.

आणला होता तो खरं तर बायकोसाठी, मंजुळाबाईंसाठी. तिचे कान विषमज्वरात गेले, तेव्हापासून ती कीर्तन डोळ्यांनीच ऐकायची. बुवांचे ओठ, हात, भुवई, सगळं टिपायची. गॅसबत्ती असली की तिला पुरेसं दिसायचं. कंदिलाच्या उजेडात मात्र नुसत्या सावल्या हलायच्या. मग ती शेजारणींकडे बघत राहायची, आणि सगळ्या हसल्या की त्यांच्यामागून हसायची. ते मागून येणारं हसू हिंदुरावाला बघवायचं नाही.

"देवाचं रॉकेल मशीनला पाजणार व्हय?" लक्ष्मणरावांनी विचारलं. रात्री मृदंगावर तेच बसणार होते.

हिंदुरावाने थोडा विचार केला. मग घरून भाकरी बांधून आणलेलं धुतलेलं धोतराचं फडकं काढलं आणि मशीनखाली परात सरकवली. "कापताना गळेल ते धरतो. दोनदा गाळतो. देवाचं देवाला परत."

दुपार टळेपर्यंत सगळी झाकणं झाली. ताटाएवढी, सपाट, आरशाच्या तोडीची. परातीतलं रॉकेल त्याने दोनदा गाळलं, उन्हात धरून बघितलं. नितळ होतं. समाधानाने त्याने ते गॅसबत्तीत ओतलं.

बिडाची सवय ती. बिडाचा कीस डोळ्यांना दिसतो. ॲल्युमिनियमची चंदेरी धूळ मात्र कापडाच्या विणीतूनही आरपार जाते, हे त्याला कुठून ठाऊक असणार?

पूर्वरंग निर्विघ्न पार पडला. बुक्का लागला, हार झाला, आणि इंदुताईंनी सुदाम्याच्या आख्यानाला हात घातला. सुदामा द्वारकेहून निघाला, तोच गॅसबत्ती फुरफुरली, खोकली आणि विझली. नळी तुंबली होती.

देवापुढे दोन समया तेवढ्या उरल्या. बायकांच्या बाजूला मंजुळाबाईंनी मान उंचावली, डोळे बारीक केले आणि हळूच शेजारणीकडे वळल्या.

हिंदुराव उठला. चपला न घालताच शेडकडे धावला आणि झाकणं उराशी कवटाळून परत आला. पुढच्या रांगेत शेडचे मालक अर्जुनराव मांडी घालून बसले होते. त्यांनी झाकणं ओळखली.

"आरं, ती सकाळी सायबाला दावायची हायती!"

"व्हय मालक. एवढं आख्यान होऊ द्या."

त्याने एक झाकण समईमागे तिरपं धरलं. उजेडाचा झोत निघाला, खांबावर चढला, घरंगळत खाली आला आणि इंदुताईंच्या चेहऱ्यावर स्थिरावला. देवळात "अहाहा" झालं. अर्जुनरावांनी दुसरं झाकण हातात घेतलं, त्यावरून नख ओढलं. नख कुठेच अडलं नाही. त्यांनी हिंदुरावाकडे एकदा पाहिलं, उपरणं सावरलं आणि दुसऱ्या समईमागे जाऊन तेही झाकण धरून बसले. उरलेली झाकणं माणसांनी आपणहून उचलली.

"वा!" इंदुताई म्हणाल्या. "सुदाम्याची नगरी सोन्याची झाली ती अशीच! लक्ष्मणराव, होऊ द्या."

मृदंग घुमला. सुदामा गावी परतला, झोपडीच्या जागी वाडा बघून बावचळला. दारात दागिन्यांनी मढलेली बाई उभी. बिचाऱ्याने आपल्याच बायकोला हात जोडून विचारलं, "बाई, इथं सुदाम्याचं घर होतं, ते कुठं गेलं?"

इंदुताईंनी बायकोचा आव आणून पदर सावरला आणि काहीतरी म्हणाल्या. हिंदुरावाने ते ऐकलंच नाही. तो मंजुळाबाईंकडे बघत होता. त्या हसल्या. कुणाकडे न बघता, सगळ्यांच्या आधी, तोंडाला पदर लावायचंही विसरून हसल्या, आणि मग सारं देऊळ हसलं.

आरती झाली. अर्जुनरावांनी झाकणं एकेक करून उपरण्याने पुसली. एकावर बुक्क्याचं बोट उमटलं होतं. ते मात्र त्यांनी तसंच ठेवलं.

घरी जाताना हिंदुरावाने कंदील आपल्या तोंडाशी धरला, म्हणजे तिला ओठ दिसावेत.

"सुदाम्याची बायको काय म्हणाली गं? माझं ध्यानच नव्हतं."

"एवढ्या जवळ बसून ऐकलं न्हाई?" मंजुळाबाई पुन्हा हसायला लागल्या. "घरी चला, सांगते."

त्या पुढे झाल्या, कुलूप काढलं, आणि दारात पदर सावरून उभ्या राहिल्या. हिंदुराव पायरीशी आला तशा अगदी अदबीने, जरा मोठ्यानेच म्हणाल्या,

"बसा पाहुणं. येतीलच ते एवढ्यात."

हिंदुरावाने कंदील खाली ठेवला, टोपी नीट केली आणि परक्याच्या घरी बसावं तसा उंबऱ्याबाहेर अंग चोरून बसला.