व्हियोरिकाची शेवटची लेस

जोन तुस्कानो वसईहून कॅनडात आली त्याला अकरा वर्षं झाली होती. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ घालणं, भरवणं, औषधं देणं हे तिचं काम. नॉर्थ यॉर्कमधल्या एका बिल्डिंगच्या चौदाव्या मजल्यावर व्हियोरिका नावाची रोमानियन बाई एकटी राहायची, वय चौऱ्याऐंशी. जोन रोज सकाळी तिच्याकडे जायची.

व्हियोरिकाचे हात सतत थरथरायचे. कपातला चहा बशीत सांडायचा. पण खिडकीशी एका निळ्या कापडावर अर्धवट विणकाम टाचलेलं होतं, त्याला ती कुणाला बोट लावू द्यायची नाही.

"चर्चच्या अल्तारासाठी, तिथल्या वेदीवर घालायला आहे," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली, पुढे सरकत नाही."

"मला क्रोशे येतं थोडं," जोन म्हणाली. "लहानपणी शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलं होतं."

"हे क्रोशे नाही," म्हातारी फटकन म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिनेच सुई पुढे केली.

आधी दोऱ्याची बारीक, गोलसर पट्टी विणायची. कापडावर काढलेल्या नक्षीवरून ती धावदोऱ्याने टाचत न्यायची आणि मधल्या रिकाम्या जागा सुईने जाळीसारख्या भरायच्या. सगळं झालं की धावदोरा कापायचा. कापड सुटतं आणि नुसती लेस हातात राहते. ऐकायला सोपं. पहिले दोन महिने जोनने जे केलं ते व्हियोरिकाने तिलाच उसवायला लावलं.

जोनची ड्युटी दोनला संपायची. ती चारपर्यंत थांबायला लागली. घरी नवऱ्याला, पायसला, तिने कामाचं निमित्त सांगितलं. फुकट राबतेस म्हणून तो भडकला असता. खरं तर ते दोन तास तिला हवे असायचे. दिवसभर ती दुसऱ्यांचं अंग पुसायची. त्या खिडकीशी मात्र तिच्या हातून काहीतरी उभं राहत होतं.

दोन वर्षं लागली. एका कोपऱ्यातलं पान भरताना तिला वसईचे पानमळे आठवले आणि विड्याच्या पानाच्या शिरा तिने सुईने काढल्या. व्हियोरिका बराच वेळ बघत राहिली.

"हे आमच्यात नाही," ती म्हणाली. मग हळूच, "पण राहू दे."

त्यानंतर तिने जोनला उसवायला सांगितलं नाही.

मे महिन्यात रोमानियन चर्चच्या हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन होतं. व्हियोरिकाची व्हीलचेअर ढकलत जोनच तिला घेऊन गेली. लेस काचेखाली मांडली होती. शेजारी कार्ड होतं: 'व्हियोरिकाची शेवटची लेस. थरथरत्या हातांनी पूर्ण केलेली.' लोक रांगेने येऊन म्हातारीच्या हातांचं चुंबन घेत होते. एक बाई काचेवरूनच विड्याच्या पानावर बोट ठेवून सांगत होती, हा त्यांच्या खेड्यातला जुना टाका, आता कुणाला येत नाही.

व्हियोरिकाची मुलगी आंका लंडनहून आली होती, वर्षातून दोनदा यायची. ती जोनला म्हणाली, "आईला तुम्ही वेळेवर चहा देता, म्हणून हे झालं बघा."

"हे मी विणलंय," जोन म्हणाली.

आंका हसली. मग तिचं हसू विरलं. तिने वाकून आईला त्यांच्या भाषेत विचारलं. व्हियोरिकाने जोनकडे पाहिलं, मग काचेकडे, आणि इंग्रजीतच म्हणाली, जोनला कळावं म्हणून, "ती दोरा ओवून द्यायची. माझी नजर कमी झालीय ना."

सोमवारी जोनला कामावर पाठवणाऱ्या एजन्सीतून फोन आला. पेशंटच्या विणकामावर हक्क सांगितल्याची आंकाची तक्रार होती. "ड्युटी संपल्यावर तुम्ही तिथे थांबत होता का?" सुपरवायझरने विचारलं. जोन हो म्हणाली. नियमात बसत नव्हतं. तिला दुसऱ्या पेशंटकडे टाकलं, तासभर लांब, दोन बस बदलून.

पायसला सगळं तेव्हा कळलं. "दोन वर्षं?" एवढंच तो म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

ऑगस्टमध्ये व्हियोरिकाने फोन केला. "नवी मुलगी सुई धरत नाही. मी दुसरी नक्षी काढून घेतलीय. तू रविवारी ये."

"तुम्ही खोटं का बोललात?"

"या देशात मला त्या लेसशिवाय कोण ओळखतं? तुझ्याकडे अजून हात आहेत. तू आणखी दहा करशील."

"करणार नाही," जोन म्हणाली आणि फोन ठेवला. तिला वाटलं होतं, बोलल्यावर मोकळं वाटेल. तसं झालं नाही.

नाताळच्या आधी डिम्पल, जोनची मुलगी, आपल्या बाळाच्या बाप्तिस्म्याचा झगा शोधत फोनवर बोटं फिरवत होती. "मॉम, यू नो क्रोशे, राइट? कडेला लेस लावशील?"

"नाही गं, मला येत नाही ते."

"ओह, ओके," डिम्पल म्हणाली आणि तिथल्या तिथे एक तयार झगा ऑर्डर केला.