बोडिलच्या शेगड्या

माझ्या बायकोनं, बोडिलनं, दोन अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच्या हातानं बनवले त्याला आता अकरा वर्षं झाली. एकेकाचं वजन बेचाळीस किलो. एक डाव्या स्पीकरसाठी, दुसरा उजव्यासाठी. दोन्हींच्या कडांना अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पात्या, आणि त्यांवर हात ठेवला तर तीनपर्यंत मोजायच्या आत उचलावा लागतो. गाणं वाजो न वाजो, एकदा चालू केले की ते पूर्ण जोरानं वीज ओढत राहतात. त्यातली चिमूटभर स्पीकरला जाते, बाकी सगळी ऊब होऊन खोलीत पसरते. आवाज निर्मळ हवा असेल तर एवढं सोसलंच पाहिजे, असं बोडिलचं म्हणणं. मी त्यांना शेगड्या म्हणायचो.

हिवाळ्यात माझी तक्रार नव्हती. फ्योर्डवरून, म्हणजे आमच्या खाडीवरून, वारा सुटला की सगळं लेमविग गाव गारठतं, पण आमच्या बैठकीच्या खोलीतला हीटर मी वर्षानुवर्षं उघडलेला नाही. पावाची कणीक फुगवायला मी डाव्या शेगडीशेजारी ठेवायचो. एकदा ओले मोजे वर वाळत घातले होते, तेव्हा बोडिल दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "त्यांना श्वास घ्यायला जागा लागते, थोर्किल!" म्हणाली. उन्हाळ्यात मात्र मीच श्वास घ्यायला स्वयंपाकघरात जाऊन बसायचो.

बोडिलनं एकोणतीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली. मी पोस्टमन होतो. तिच्या कानांना जे ऐकू यायचं ते मला कधीच कळलं नाही. ती काहीतरी बदलायची, मला खुर्चीत बसवायची आणि विचारायची, "आता?" मी म्हणायचो, "छान." पुन्हा काही बदलायची. "आणि आता?" "आणखी छान." ती मान हलवायची आणि पुन्हा कामाला लागायची. इतकी वर्षं आमचं हे असं चाललं होतं, आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नव्हतं.

मग मार्च महिन्यात आस्गर आला.

आस्गर चर्चमधले ऑर्गन सुरात लावतो. आमच्या चर्चच्या ऑर्गनची हवा भरणारी मोटर बिघडली होती आणि बोडिल ती बघायला गेली होती. तिथं ओळख झाली. वय बावन्न, म्हणजे बोडिलपेक्षा बारा वर्षांनी लहान. उंच, सडपातळ, बायको सोडून गेलेली, बोटं अशी लांब की कॉफीचा कप धरला तरी बघत राहावं. पहिल्या गुरुवारी तो आला, बूट दारात काढले, खोलीत बसला आणि दहा मिनिटांनी म्हणाला, "रेकॉर्डवर बाई गातेय ती दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभी नाहीये. वीतभर उजवीकडे सरकलीय."

बोडिलचा चेहरा असा उजळला की मी लग्नाच्या दिवशीही तसा पाहिला नव्हता.

तेव्हापासून दर गुरुवारी तीन वाजता आस्गर. मी कॉफी करून द्यायची, वेलदोड्याचा केक कापायचा आणि दार ओढून घ्यायचं. आत कुणीतरी बाई गायची, थांबायची, पुन्हा तीच ओळ गायची. मध्ये आस्गरचा आवाज, "नाही." मग बोडिलचं हसू. ती "नाही"वर हसायची! मी एवढी वर्षं "छान" म्हणत आलो, त्यावर कधी हसली नव्हती.

मत्सर असा एकदम येत नाही. आधी तो बारीकसारीक गोष्टी गोळा करतो. सोफ्यावर बोडिल नेहमी आस्गरला आपल्या उजव्या हाताला बसवायची आणि त्याच्याकडे झुकून ऐकायची, इतकी की तिचे केस त्याच्या खांद्याला लागत. जेवणाच्या टेबलावरची चाळीस वर्षांची जागा बदलून ती माझ्या समोरून उठून खिडकीजवळ बसायला लागली. त्या खिडकीतून रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून आस्गरची सायकल येते. मी बोललो तर निम्म्या वेळा उत्तर नाही. रात्री माझ्याकडे पाठ. एकदा बंदरावर फिरताना मी तिला मुद्दाम म्हणालो, "आस्गर फार येतो हल्ली." ती पाण्याकडे बघत चालत राहिली. माझं बोलणं कानावरच पडलं नाही असा आव! मीही मग घरापर्यंत एक अक्षर बोललो नाही.

मी माझ्या बहिणीला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, तू सदुसष्टचा. बोडिल चौसष्टची. कसला मत्सर घेऊन बसलास?"

"मत्सराला वय असतं का गं?"

"मग विचार की तिला सरळ."

"आणि ती हो म्हणाली तर?"

मी फोन ठेवला.

गेल्या जुलैत उकाडा इतका वाढला की बाहेरच तीस अंश. बोडिलनं आठवडाभर शेगड्या बंद ठेवल्या होत्या. गुरुवारी सकाळी ती स्वतःच्या धाकट्या बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, "तीनपर्यंत येते. आस्गर आधी आला तर बसव त्याला. आज थोडंच ऐकू, तासभर आधी अ‍ॅम्प्लिफायर चालू केलेस तर बरं होईल."

मी नऊ वाजताच चालू केले.

ठरवून केलं, उगाच लपवत नाही. दोन्ही खिडक्या लावल्या, कड्या घातल्या. पडदे उघडे ठेवले, म्हणजे दक्षिणेचं ऊन सरळ आत. मनात एवढंच होतं, की बस म्हणावं आता इथं, लांब बोटांच्या माणसा. बघू तुझं प्रेम किती अंश सोसतं. दुपारी दार किलकिलं करून पाहिलं तर तोंडावर बेकरीची भट्टी उघडल्यासारखी झळ आली. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा एकोणचाळीसवर. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

आस्गर अडीचलाच आला. कुठल्यातरी खेड्यातल्या चर्चमधून सायकल मारत आलेला, शर्ट पाठीला चिकटलेला.

"बोडिल यायचीय अजून," मी म्हणालो. "आत बस."

"बाप रे, थोर्किल! खिडकी उघडू का?"

"नको. रस्ता खोदतायत, धूळ येते. ह्या यंत्रांना धूळ चालत नाही." रस्ता कुणीही खोदत नव्हतं.

"बरं," म्हणाला आणि बसला. भला माणूस. त्यानं पाणी मागितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी स्वयंपाकघरात शब्दकोडं घेऊन बसलो आणि तो घाबराघुबरा होऊन बाहेर कधी येतोय याची वाट पाहू लागलो. पाच मिनिटं. दहा. वीस. आत चिडीचूप. म्हटलं, काय चिवट आहे. आणि मग धप्प असा आवाज आला.

तो सोफा आणि उजव्या शेगडीच्या मध्ये पडला होता. चेहरा कणकेसारखा पांढरा, आणि हात त्या गरम पात्यांपासून जेमतेम बोटभर दूर. काखेत हात घालून त्याला ओढत स्वयंपाकघराच्या गार फरशीवर आणलं, पाय खुर्चीवर चढवले, ओलं फडकं मानेवर ठेवलं. रुग्णवाहिकेला फोन करायला उठलो तर त्यानं डोळे उघडले.

"नको, नको. रक्तदाबाच्या गोळ्या घेतो मी. उन्हात असं होतं कधीकधी. पाणी दे."

दोन ग्लास प्यायला. ओठांना रंग आला. मी त्याच्याशेजारी फरशीवरच बसलो होतो. का कोण जाणे, मघाच्या भीतीतूनच राग उसळला.

"का बसलास इतका वेळ? उठून का नाही आलास? एवढं काय आहे तुझं तिच्यात?"

त्यानं ग्लास खाली ठेवला. "तिनं तुला अजून सांगितलं नाही?"

"काय?"

"थोर्किल, मी तिला कितीदा म्हणालो, नवऱ्याला सांग."

"काय सांग?"

"तिचा डावा कान गेलाय. फेब्रुवारीत. एका सकाळी उठली तर काहीच नाही, बंद. सर्दी असेल म्हणून तीन आठवडे थांबली. मग डॉक्टर म्हणाले, उशीर झाला." त्यानं फडकं कपाळावर घेतलं. "एका कानानं गाणारी बाई कुठं उभी आहे ते कळत नाही. तिला कुठलीच बाजू कळत नाही आता. ते मी सांगतो. एवढंच आहे माझं."

माझ्या डोळ्यांपुढे टेबलावरची ती नवी जागा आली, बंदरावरची ती चाल. बंदरावर मी तिच्या डाव्या हाताला होतो. तिनं टाळलं नव्हतं, तिला ऐकूच आलं नव्हतं. आणि टेबलाशी ती सायकल दिसावी म्हणून बसत नव्हती. तिथं बसलं की तिचा चांगला कान माझ्याकडे येत होता.

तेवढ्यात बोडिल आली. फरशीवर आम्ही दोघं, एकाचे पाय खुर्चीवर. "काय झालं?" म्हणत ती पुढे आली, आणि खोलीच्या उघड्या दारातून तिलाही झळ लागली. ती आत गेली. खिडक्यांच्या कड्या काढल्याचा आवाज आला. मग बटणं, एक, दोन. बाहेर येऊन माझ्या समोर उभी राहिली, तळहात लाल झालेला.

"तासाभरात एवढे तापत नाहीत ते. कधी चालू केलेस?"

"नऊला."

"आणि खिडक्या?"

"मीच लावल्या."

"का?"

आस्गर म्हणाला, "बोडिल, राहू दे ना..."

"तू झोपून राहा. थोर्किल, का?"

"हा यायचा बंद व्हावा म्हणून," मी म्हणालो. सदुसष्ट वर्षांचा माणूस फरशीवर बसून हे बोलतोय, हे माझं मलाच ऐकवत नव्हतं. "तू याच्याकडे जशी झुकून ऐकतेस तसं माझं कधी ऐकलं नाहीस."

ती दुसऱ्या खुर्चीत बसली. मग म्हणाली, "मरता मरता वाचलाय तो. माफी माग आधी."

मी मागितली. आस्गर म्हणाला, "दिली. पण पुढच्या वेळी निदान पाणी देत जा."

त्याला मी गाडीनं घरी सोडलं, सायकल मागे बांधून. परत आलो तेव्हा बोडिल बागेत बसली होती. तिच्या उजव्या हाताला जाऊन बसलो.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास? खरं सांग."

मी विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं. "म्हणालो असतो, मग आता त्या शेगड्या ठेवून काय करायच्या."

"बघ." ती रडत नव्हती, आवाज कोरडा होता. "दोन हातांनी दोन बाजू बनवल्या मी. एक बाजू गेली हे मान्य करायला मला वेळ हवा होता. आणि कुणीतरी खरं सांगणारा हवा होता. तू सगळ्यालाच छान म्हणतोस, थोर्किल. मी एकदा तारा उलट्या जोडल्या होत्या, मुद्दाम. त्यालाही तू छान म्हणालास."

हे मला लागलं. आस्गर तिच्याशी भलतंसलतं वागला असता तर मी त्याच्यावर चिडू शकलो असतो. आता चिडायलाही जागा नव्हती. चार महिने माझ्या बायकोचं सगळ्यात मोठं दुःख एका परक्या माणसाला ठाऊक होतं, आणि मी शेजारच्या खोलीत केक कापत होतो. त्या आठवड्यात, त्याच्या पुढच्या आठवड्यात, मला तोच विचार छळत राहिला. आधीचा मत्सर निदान खोटा ठरला होता. हा खरा होता.

सप्टेंबरात बोडिलनं निर्णय घेतला. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून एकाच स्पीकरला द्यायचा, म्हणजे एका कानाला काही हरवल्यासारखं वाटणार नाही. तिला एकच शेगडी पुरणार होती. दुसरी तिनं आस्गरला द्यायचं ठरवलं. त्याच्याकडे एकच जुना मोठा स्पीकर होता.

"मला नाही आवडत," मी म्हणालो.

"माहितेय," ती म्हणाली. "तरी देणार आहे."

आस्गर तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. बेचाळीस किलो आम्ही दोघांनी चढवले, मी खाली आणि तो वर, बोडिल पुढे दारं उघडत. प्रत्येक वळणावर तो विचारायचा, "जमतंय ना?" आणि मी दात आवळून म्हणायचो, "चल." वर नेऊन शेगडी जोडली, तासभर तापू दिली. हात लावून पाहिला. चटका बसला. आमच्या घरातली ऊब त्याच्या घरात पसरत होती आणि मी ती उभा राहून बघत होतो.

बोडिलनं एक रेकॉर्ड लावली. पुरुषाचा आवाज, सोबत एकच व्हायोलिन. ती डोळे मिटून, मान किंचित वळवून ऐकत होती. संपल्यावर दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"व्हायोलिन जरा टोचतं," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं होतं.

आस्गरनं मान हलवली. "मला नाही वाटत."

"मला वाटतं," बोडिल म्हणाली आणि स्क्रू ड्रायव्हर मागितला. तो आस्गरच्या हाताशी होता. मी उठून तो घेतला आणि तिला दिला.